शेतावरचं फोटोशूट: भाडं कशाचं, किती आणि कसं

दसरा झाला की शहराजवळच्या शेतकऱ्यांना एक ठरावीक फोन येऊ लागतो. “काका, तुमच्या सूर्यफुलात थोडे फोटो काढले तर चालेल का? अर्ध्या तासात होईल.” तुळशीची लग्नं लागली की लग्नसराई सुरू होते आणि त्याआधी प्री-वेडिंगचे फोटो हातात हवे असतात. लग्नाखेरीज इतरही निमित्तं असतात: डोहाळजेवण, बाळाचं बोरन्हाण, आजोबांच्या पंचाहत्तरीला साऱ्या कुटुंबाचा एकत्र फोटो. पहिल्या वेळी आपण हो म्हणतो, वर चहाही पाजतो. पुढे हळूहळू लक्षात येतं की अर्ध्या तासाचे तीन तास होतात, धारेची वेळ टळते, बांधावर रिकाम्या बाटल्या राहतात आणि फोटोग्राफरला मात्र त्याच्या कामाचे रीतसर पैसे मिळालेले असतात. पैसे मागायला आपली जीभ रेटत नाही, कारण दारात आलेल्याकडून पैसे घ्यायची सवय नसते. पण तो कामावर आलेला असतो आणि त्याचं काम आपल्या जागेवर उभं असतं. तेव्हा भाडं मागताना संकोच करायचं कारण नाही. ते कशाचं मागतोय, हे मात्र आधी नीट समजून घ्यायला हवं.

वाईकडे हा प्रकार नवा नाही. मेणवलीचा घाट आणि आसपासचं शिवार ‘स्वदेस’सह कित्येक चित्रपटांत दिसलं आहे. तिकडे बारामतीजवळ पळशीवाडीला पांडुरंग तावरे यांनी २००५ च्या सुमारास कृषी पर्यटन केंद्र सुरू केलं, तेव्हापासून शेत बघायला माणसं पैसे देऊन येतात, हेही महाराष्ट्राने पाहिलं आहे. फोटोशूट या दोन्हींच्या मधलं आहे. चित्रपटाचं युनिट शंभर माणसं आणि जनरेटरची गाडी घेऊन येतं, त्याचा करार वेगळा. पर्यटक जेवायला-राहायला येतात, त्यांची व्यवस्था वेगळी. फोटोवाले सात-आठ जण येतात, दोन-तीन तास थांबतात आणि जातात. घरच्या माणसांना जमेल असं हे काम आहे, म्हणूनच ते नीट बसवण्यासारखं आहे.

उजेडाच्या दोन वेळा

फोटोग्राफर तुमच्याकडे जमिनीसाठी येत नाही. त्याला हवा असतो कोवळा उजेड, आणि त्या उजेडात मागे विजेचा खांब, होर्डिंग किंवा मोबाइल टॉवर नसलेली मोकळी जागा. सूर्य क्षितिजाजवळ असतो तेव्हा त्याचा प्रकाश हवेच्या जाड थरातून येतो. त्यातला निळा भाग वाटेत विखुरतो आणि तांबूस-पिवळा उरतो. चेहऱ्यावर पडणारा प्रकाश आडवा येतो, त्यामुळे डोळ्यांखाली काळ्या सावल्या पडत नाहीत. भर दुपारी या दोन्ही गोष्टी नसतात, म्हणून दुपारी बारा ते तीनला तुमचं शेत कितीही हिरवं असलं तरी फोटोग्राफरच्या दृष्टीने ते जवळजवळ निरुपयोगी असतं.

हा कोवळा उजेड फार वेळ टिकत नाही. उत्तरेकडच्या देशांत सूर्य तिरका, रेंगाळत मावळतो. आपल्याकडे तो बराच सरळ खाली उतरतो. आपल्या अक्षांशावर शेवटच्या सहा अंशांना साधारण अर्धा तास लागतो. म्हणजे सकाळी अर्धा-पाऊण तास आणि संध्याकाळी अर्धा-पाऊण तास, एवढाच काय तो खरा माल. बाकीचे दोन तास कपडे बदलण्यात, मेकअपमध्ये आणि जागा ठरवण्यात जातात.

आता शेताकडून बघा. सकाळी उजाडताना धारा, भाजीची तोडणी, मार्केटला जाणारी गाडी. संध्याकाळी पुन्हा धारा, जनावरांची वैरण, पाण्याची पाळी. फोटोवाल्याला हव्या असलेल्या दोन्ही वेळा शेताच्याही सगळ्यात कामाच्या वेळा आहेत. माझ्या मते या धंद्यातला मुख्य मुद्दा हाच आहे. भाडं जमिनीच्या तुकड्याचं नसून त्या वेळेचं आणि त्या वेळेत तुमचं जे काम थांबतं किंवा सरकतं त्याचं आहे. हे एकदा पक्कं झालं की दर किती, किती माणसं, कोणत्या महिन्यात, हे प्रश्न पुष्कळ सोपे होतात.

म्हणून पहिलं काम घड्याळ घेऊन शेतात फिरण्याचं. डिसेंबरच्या सुरुवातीला पुण्याकडे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, जूनअखेर सव्वासातच्या आसपास. पण हे झालं पंचांगातलं. मावळात, मुळशीत, वाईला पश्चिमेला डोंगर असला तर तुमच्या शेतावरचं ऊन त्याच्या वीस-पंचवीस मिनिटं आधीच जातं. कोणत्या तुकड्यावर सावली किती वाजता येते, विहिरीजवळच्या चिंचेखाली सकाळचं ऊन कधी शिरतं, हे दर महिन्याला एकदा वहीत टिपून ठेवा. फोनवर “सव्वापाचला खालच्या वावरात सावली येते, वरच्या वावरात पावणेसहापर्यंत ऊन असतं” असं सांगणाऱ्या शेतकऱ्याकडे फोटोग्राफर पुन्हा येतो. ही माहिती त्याला दुसरं कुणी देऊ शकत नाही.

पीक आणि पावलं

कोणत्या पिकात काय चालतं, हे शेतकऱ्याला शिकवायला नको, पण फोटोच्या अंगाने ते वेगळं दिसतं. सूर्यफुलाचं उदाहरण घेऊ, कारण सगळ्यात जास्त मागणी त्यालाच. कळी असताना आणि फूल उमलताना ते सूर्यासोबत वळतं, ही गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. पूर्ण फुललेलं फूल मात्र वळायचं थांबतं आणि पूर्वेकडे तोंड करून राहतं. म्हणजे भर फुलोऱ्यातल्या शेतात सकाळी उभं राहिलं तर सगळी फुलं उजेडात न्हालेली दिसतात. संध्याकाळी त्याच शेतात पश्चिमेकडे बघितलं तर फुलांची तोंडं दिसतात, पण ऊन त्यांच्या पाठीमागून येतं आणि पाकळ्या कडेने पेटल्यासारख्या दिसतात. दोन्ही फोटो सुंदर येतात, पण ते वेगळे असतात. बुकिंग घेतानाच विचारलं की कसा फोटो हवाय, तर सकाळ की संध्याकाळ हे तिथेच ठरतं.

सूर्यफुलाला दाणा भरायला मधमाशी लागते. तिची वर्दळ सकाळी ऊन जरा चढलं की सुरू होते आणि दहा-अकरापर्यंत जोरात असते. सुदैवाने फोटोचा उजेड त्याआधीच संपतो. म्हणून नियम सोपा ठेवा: सकाळचं सत्र नऊच्या आत पिकातून बाहेर. यात परागीभवनही होतं आणि नटूनथटून आलेल्या नवरीला माशी चावण्याची शक्यताही कमी होते.

पिकातून चालायची वाट पेरणीच्या वेळीच ठेवावी. तिचं गणित करून बघा. तीन फूट रुंद आणि शंभर फूट लांब वाट म्हणजे तीनशे चौरस फूट, पाव गुंठ्याहून किंचित जास्त. एकराला सहा क्विंटल सूर्यफूल होतं असं धरलं तर या वाटेपायी चारेक किलो दाणा जातो. नुकसान एवढंच. वाट नसेल तर मात्र माणसं चांगला फोटो शोधत कुठेही शिरतात, झाडं आडवी होतात आणि ती पुन्हा उभी राहत नाहीत. वाट थोडी वळणाची ठेवली, शेवटी आठ-दहा फुटांचा मोकळा गोल ठेवला, तर फोटोग्राफर आपणहून तिथेच थांबतो, कारण चारही बाजूंनी फुलं दिसतात आणि कॅमेरा मागे न्यायला जागाही मिळते.

इतर पिकांचं थोडक्यात. मावळ-मुळशीचा भात ऑक्टोबरमध्ये पिवळा पडतो तेव्हा सगळ्यात देखणा असतो, पण तेव्हा खाचराचा बांधच तेवढा चालायला द्यावा. पिकलेली लोंबी पायाखाली गेली की दाणा गळतो. झेंडूला दसरा-दिवाळीच्या तोडणीआधी आठवडाभर हात लावू देऊ नये. रब्बी ज्वारी हुरड्याच्या दिवसांत, डिसेंबर-जानेवारीत, उंच आणि भरलेली असते. कडेने उभं राहून घेतलेले फोटो तिच्यात उठून दिसतात. द्राक्षबागेत मांडवाखालचा उजेड मऊ असतो, त्यामुळे नाशिककडे मागणी मोठी आहे, पण घडाला हात लावायचा नाही हे आधी सांगावं लागतं. मण्यावरची पांढुरकी झाक बोट लागलं की पुसली जाते आणि तो घड निर्यातीच्या पेटीत जात नाही. घड हातात धरून फोटो हवाच असेल तर एक घड तोडून द्यावा आणि त्याचे पैसे भाड्यात धरावेत.

उसाबद्दल मी जरा कडक आहे. नोव्हेंबर-डिसेंबरात तुरा आलेला ऊस मावळतीच्या उन्हात चांदीसारखा चमकतो, फोटोग्राफर त्यासाठी हट्ट धरतात. पण उसाचं पान हात कापतं, पाचटात घोणस असते, आणि जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या तालुक्यांत बिबट्या उसातच राहतो, पिल्लंही तिथेच वाढवतो. दिवस मावळताना त्याची फिरण्याची वेळ सुरू होते. उसाच्या कडेला, रस्त्यावर उभं राहून, सूर्य असेपर्यंत फोटो काढू द्यावेत. आत सरीत कुणालाही सोडू नये, लहान मूल सोबत असेल तर कडेलाही नाही.

फवारणीचं वेळापत्रक बुकिंगच्या वहीतच लिहून ठेवा. कीटकनाशकाच्या डब्यावर रंगीत त्रिकोण असतो: लाल सगळ्यात विषारी, मग पिवळा, निळा आणि हिरवा. कोणताही रंग असला तरी फवारलेल्या तुकड्यात पुढचे काही दिवस बाहेरचं माणूस नको, लेबलवर मुदत दिली असेल तर ती पुरी व्हायलाच हवी. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते सगळे रोज शेतात वावरणारे होते. शहरातून आलेली मुलगी पानं बाजूला सारत, फुलाचा वास घेत पिकात उभी राहते. तिला तुम्ही काय फवारलंय याची कल्पना नसते.

दर कसा काढायचा

तासावर दर लावला की दोन्ही बाजूंना घाई आणि वाद होतो. घड्याळाकडे बघत फोटो चांगले येत नाहीत आणि दहा मिनिटं वर गेली की बोलणी सुरू होतात. दिवसावर लावला तर माणसं दुपारभर गोठ्यासमोर बसून राहतात. सत्रावर दर लावावा: सकाळचं सत्र, संध्याकाळचं सत्र, प्रत्येकी तीन तास. एका वेळी एकच मंडळी. दोन फोटोग्राफर एकाच संध्याकाळी बोलावले की दोघांच्याही फोटोत एकमेकांची माणसं येतात आणि पुढच्या वेळी दोघंही येत नाहीत.

दराचा हिशेब असा मांडता येईल. समजा, घरातला एक माणूस सत्राआधी तासभर आणि सत्रभर गुंततो: ही अर्ध्या दिवसाची मजुरी, आणि ती तुमच्या गावात त्या कामाला जी चालू आहे तीच धरा. खोली आणि संडास-बाथरूम आधी आणि नंतर धुवायचं, त्याची पाव दिवसाची मजुरी. चहा, पिण्याचं पाणी, साबण. धार उशिरा निघाली किंवा त्यासाठी शेजारच्या पोराला बोलावलं, तर ते पैसे. पिकातल्या वाटेचं नुकसान वर काढलंच आहे. ते हंगामातल्या सगळ्या सत्रांवर वाटलं की फार थोडं राहतं. ही बेरीज म्हणजे तुमचा तळ. याच्या खाली गेलात तर पदरचे पैसे घालताय. याच्या वर किती घ्यायचं, ते जागा किती वेगळी आहे, शहरापासून किती जवळ आहे आणि त्या आठवड्यात फुलोरा आहे की नाही यावर ठरतं. मुंबई-पुण्याजवळ खास फोटोंसाठी बांधलेले सेट भाड्याने मिळतात. त्यांचा दर फोन करून विचारा. त्यांच्याकडे रंगवलेल्या भिंती आणि झुंबरं असतात, तुमच्याकडे खरं शेत आहे, पण एसी खोल्या नाहीत. आपला दर त्याच्या बराच खाली आणि तळाच्या बराच वर असावा.

माणसांची संख्या दरात बांधा. फोटोग्राफर, व्हिडिओवाला, लाइट धरणारा, मेकअप करणारी, जोडपं, आणि बहुतेक वेळा एखादी मावशी किंवा मैत्रीण: सात-आठ जण होतात. आठपर्यंत एक दर, पुढे माणशी जादा. माणूस वाढला की संडासाचा वापर वाढतो, गाड्या वाढतात, पिकात शिरणारे पाय वाढतात. कॅमेरे कितीही असले तरी फरक पडत नाही. कुटुंबाच्या एकत्र फोटोला वीस-पंचवीस जण येतात, त्याचा दर वेगळा ठेवा. जाहिरात, म्युझिक व्हिडिओ, मालिका असं काही असेल तर हा दर लागूच करू नका, त्यांच्याशी बसून बोला.

बुकिंगला निम्मे पैसे आधी घ्यावेत, यूपीआयवर, म्हणजे नोंद राहते. पावसाने किंवा आभाळाने सत्र गेलं तर तारीख एकदा बदलून द्यावी. हे माझं मत व्यवहाराचं आहे: शेतकऱ्याला पाऊस काय करतो हे ठाऊक असतं, तेव्हा त्याच कारणाने दुसऱ्याचा ॲडव्हान्स बुडवू नये. मंडळी आलीच नाहीत तर मात्र तो परत देऊ नये, कारण ती संध्याकाळ तुम्ही त्यांच्यासाठी राखून ठेवली होती.

पैशांची वाटणी हा कुटुंबाच्या शेतातला सगळ्यात नाजूक भाग आहे आणि तो सगळ्यात आधी बोलून घ्यायला हवा. सातबाऱ्यावर तीन भावांची नावं, त्यातला एक पुण्यात नोकरीला, एक शेत बघतो, एकाचं फक्त नाव. फोटोवाले आले की सगळ्यांना वाटतं जमीन माझीही आहे. हे खरंच आहे, म्हणून सहहिस्सेदारांची संमती एका कागदावर घ्यावी. पण वाटणी करताना आधी तळ बाजूला काढावा, म्हणजे ज्याने काम केलं त्याची मजुरी त्याला द्यावी, आणि उरलेलं वाटावं. यात एक माणूस हमखास सुटतं. खोली पुसणारी, नवरीच्या साडीला पिना लावून देणारी, आठ जणांचा चहा ठेवणारी घरातली बाई. तिचं काम कुणी मोजत नाही, कारण ती ते तसंही करतेच असं धरलं जातं. तिची मजुरी वेगळी लिहून तिच्या खात्यावर जायला हवी. या सगळ्या व्यवहारात मला ही गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते.

खोली, साडी आणि पाणी

एकदा येऊन गेलेला फोटोग्राफर पुन्हा येईल की नाही, ते बहुतेक वेळा कपडे बदलायच्या खोलीवर ठरतं. एका सत्रात नवरी दोन-तीन वेळा कपडे बदलते. तिला आतून कडी लागणारं दार हवं, उभा आरसा, आरशासमोर चांगला दिवा, इस्त्री आणि केस सरळ करायच्या यंत्रासाठी प्लग, कपडे टांगायला भक्कम खुंट्या, आणि जवळच स्वच्छ संडास. जुन्या पडवीचा एक कोपरा भिंत घालून असा करता येतो. खिडकीला जाड पडदा लावा, आणि त्या वेळी घरातल्या पुरुषांनी खोलीकडे फिरकू नये. एवढं केलं की मुलीचे आईवडीलही निर्धास्त असतात.

साडीकडे लक्ष द्या. पावसाळा संपल्यावर बांधावरच्या गवताला कुसळं येतात. नऊवारीचा काठ त्यावरून एकदा गेला की दहा मिनिटं दोघी-तिघी खाली बसून एकेक कुसळ उपटत असतात आणि तेवढ्यात सूर्य डोंगराआड जातो. पैठणीच्या जरीत अडकलेलं कुसळ तर ओढलं की धागाच येतो. वापरायच्या बांधांवरचं गवत सत्राच्या आदल्या दिवशी कापून घ्यावं, गोखरू असेल तर खणून काढावा. एक जुनी चादर सोबत द्यावी, बसून फोटो काढताना कामाला येते. इतक्या साध्या गोष्टीने फोटोग्राफरचा अर्धा वैताग वाचतो.

आता ज्या जागा बंदच ठेवायच्या त्या. पहिली शेततळं. प्लॅस्टिक अंथरलेल्या शेततळ्याच्या उतारावर शेवाळ धरतं, पाय घसरला की धरायला काही नसतं, आणि पोहता येणारा माणूसही त्या गुळगुळीत उतारावरून वर येऊ शकत नाही. निळं पाणी, मागे डोंगर, असा फोटो सुंदर येतो, त्यामुळे आग्रह होणारच. कुंपणाच्या आत कुणालाही जाऊ देऊ नये; आणि कुंपण नसेल तर फोटोशूटचा विचार बाजूला ठेवून आधी ते करावं, गाठी मारलेला दोर आणि ट्यूब काठावर बांधून ठेवावी. दुसरी कठडा नसलेली विहीर. तिसरं मोटारीचं स्टार्टर-पेटी असलेलं खोपट, आणि झटका मशीनचं कुंपण असेल तर ते सत्रापुरतं बंद.

धुराच्या रंगीत नळकांड्या आणू देऊ नका. फेब्रुवारीतल्या वाळलेल्या गव्हात किंवा पाचटात एक ठिणगी पुरते. धुराने आणि उग्र अत्तराने आग्यामोहोळही उठतं. वडावर, पाण्याच्या टाकीखाली पोळं आहे का, हे सत्राच्या सकाळी वर बघून खात्री करा. चमकीचे कागद उडवायचे पॉपरही नकोत, ते प्लॅस्टिकचे असतात आणि गाय ते चाऱ्यासोबत खाते. बैलगाडी हवी असेल तर बैलांना सवय असलेला माणूस कासरा धरून उभा हवा, गाडीत दोघंच, आणि फ्लॅश बैलाच्या तोंडावर नाही. १०८ चा नंबर आणि सर्पदंशावरचं प्रतिविष असलेलं सगळ्यात जवळचं सरकारी रुग्णालय, हे खोलीच्या दारावर लिहून ठेवा.

लाइट लावायचे असतील तर शेतीपंपाच्या कनेक्शनवर लावू नयेत. शेतीसाठी मिळालेली वीज दुसऱ्या कामाला वापरणं हा २००३ च्या विद्युत कायद्याच्या कलम १२६ खाली अनधिकृत वापर ठरतो. हल्ली फोटोग्राफरकडे बॅटरीवरचे दिवे असतात, तेच वापरू द्या.

ड्रोन आणणार का, हे बुकिंगला विचारा. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार देशाचा नकाशा हिरव्या, पिवळ्या, लाल भागांत विभागला आहे. हिरव्या भागात ४०० फुटांपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही. पुण्याजवळ लोहगावचा हवाई तळ आणि खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आहे, त्यामुळे आसपासचा बराच भाग हिरवा नाही. ड्रोनची नोंदणी आणि चालवणाऱ्याचा परवाना ही जबाबदारी त्यांची, पण ती तशी लिहून घेणं तुमच्या हातात आहे. गोठ्यावरून ड्रोन उडवू देऊ नका. व्यायला आलेली म्हैस त्या आवाजाने दावं तोडते.

कागद

एक पानाचं परवानगीपत्र पुरतं. तारीख, सत्र, माणसं, दर, कोणत्या जागा खुल्या, कोणत्या बंद, पिकाचं किंवा वस्तूचं नुकसान झालं तर कोण भरणार, इजा झाली तर काय, ड्रोन आहे की नाही, आणि दोघांच्या सह्या. त्यात फोटोंच्या वापराची एक ओळ जरूर घाला. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे कुणी पैसे देऊन स्वतःचा फोटो काढून घेतला आणि वेगळा करार केला नाही, तर त्या फोटोचा पहिला मालक पैसे देणारा असतो. म्हणजे तुमच्या शेतात काढलेला फोटो तुमचा होत नाही. तुमच्या इन्स्टाग्रामवर जोडप्याचा फोटो टाकायचा असेल तर त्यांची परवानगी लागते. उलट बाजूनेही तेच लिहून ठेवा: चुलीपुढे बसलेल्या आजीचा, खुरपणाऱ्या बायांचा फोटो त्यांना विचारल्याशिवाय कुणी काढायचा नाही. शहरातून आलेल्या कॅमेऱ्याला नऊवारीतली आजी म्हणजे छान पार्श्वभूमी वाटते. तिला स्वतःला विचारावं, आणि ती हो म्हणाली तर फोटोची एक छापील प्रत तिला पाठवावी, अशी अट घालायला काहीच हरकत नाही.

कराचं सरळ आहे. हे पैसे शेतीचं उत्पन्न नाहीत. आयकर कायद्यातल्या व्याख्येनुसार शेतजमिनीचा शेतीखेरीज दुसऱ्या कामासाठी वापर होऊन मिळालेलं उत्पन्न करमुक्त शेती-उत्पन्नात बसत नाही. विवरणपत्रात ते वेगळं दाखवावं लागतं. जीएसटीची नोंदणी वर्षाची उलाढाल २० लाखांच्या पुढे गेली की लागते. घरगुती शेतावरच्या फोटोशूटला तो आकडा लांब आहे. शेतात पक्का सेट, हॉल, दुकान असं बांधकाम करायचं ठरवलं तर प्रश्न बदलतो, मग अकृषिक परवानगीची चौकशी गावच्या महसूल अधिकाऱ्याकडे करावी. राहणं-जेवणंही सुरू करायचं असेल तर राज्याच्या २०२० च्या कृषी पर्यटन धोरणाखाली पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करता येते. नुसत्या वाटा, एक खोली आणि उजेड यासाठी यातलं बहुतेक काही लागत नाही.

शेजाऱ्याशी बोलून घ्या. पाणंद सगळ्यांची असते आणि चार गाड्या आडव्या लागल्या की त्याचा ट्रॅक्टर अडकतो. गाड्या आपल्याच आवारात लागतील, म्हसोबाच्या किंवा बिरोबाच्या ठाण्यावर कुणी चढणार नाही, समाधीच्या दगडावर बसून फोटो होणार नाहीत, हे त्याला स्वतः जाऊन सांगा. जोडप्यांच्या फोटोवरून गावात कुजबुज होते, ती आधीच्या एका भेटीने बरीच कमी होते.

पुढच्या वर्षाचं नियोजन बुकिंगच्या वहीवरून करा. कोणत्या आठवड्यात किती जणांना नाही म्हणावं लागलं, ते दिसेल. सूर्यफूल तिन्ही हंगामांत घेता येतं, तेव्हा एक एकर एकदम पेरण्याऐवजी पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतराने तीन तुकड्यांत पेरलं तर फुलोरा एका पंधरवड्याऐवजी दीड महिना चालतो. काढणी मात्र तीन वेळा करावी लागते आणि पोपट शेवटच्या तुकड्यावर तुटून पडतात, हा खर्च तळात धरा. नुसत्या फोटोंसाठी पीक निवडू नये असं मला वाटतं. जे पीक तुम्ही तसंही घेतलं असतं, त्याच्याच पेरणीच्या तारखा, वाटा आणि कडा फोटोंच्या सोयीने बसवाव्यात. आणि काढणीचे आठ-दहा दिवस वहीत आधीच काट मारून ठेवावेत; त्या दिवसांत कितीही पैसे देणारा फोन आला तरी त्याला पुढची तारीख द्यावी.